शिफारसपत्र कोणाचें घ्यावें?



माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं घरीं आला. बी. ए. होऊन त्याला अमेरिकेंत कायद्याचा अभ्यास करावयाचा होता. अर्जासाठीं शिफारसपत्रें हवींत, म्हणून एका निवृत्त न्यायाधीश आप्तांच्या नांवें त्यानें स्वतःच मसुदा करून आणला होता. "गुरुजी, मामा सही देणार आहेत, भाषा तेवढी तपासून द्या," असें तो म्हणाला. मसुद्यांत बुद्धि, निष्ठा, परिश्रम असे सारे गुण होते. परंतु तो कोणाही मुलाला लागू पडला असता.

आपल्याकडे कायद्याच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळतो तो मुख्यतः सीईटी किंवा क्लॅट या परीक्षांच्या गुणांवर. त्यामुळें ह्या पत्रांचें मर्म आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसतें. अमेरिकेंत 'जे. डी.' हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आधींची एक पदवी घेतल्यावर करावयाचा असतो. तेथें गुणपत्रक, प्रवेशपरीक्षा व उमेदवाराचें निवेदन यांच्या जोडीला ओळखणारांचीं पत्रेंही वाचतात. पुष्कळ विद्यालयें दोन पत्रें मागतात.

हीं पत्रें उमेदवारानें स्वतः पाठवावयाचीं नसतात. १९४७ सालीं स्थापन झालेली 'लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल' ही संस्था तीं गोळा करते. उमेदवारानें आपल्या खात्यांत शिक्षकांचें नांव नोंदवावयाचें. शिक्षकांनीं पत्र परस्पर संस्थेकडे धाडावयाचें. मग तेथून तें निरनिराळ्या विद्यालयांकडे जातें. १९७४ च्या अमेरिकन कायद्यानें, प्रवेश घेतल्यावर असें पत्र पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला दिला आहे. तरी तो आधींच सोडून देतां येतो, आणि सोडलेला बरा. कारण मोकळेपणानें लिहिलेल्या पत्रावर वाचणाराचा विश्वास अधिक बसतो.

तर मग पत्र मागावें कोणाकडे? ज्यांनीं आपल्याला शिकविलें, आपले निबंध वाचले, आपल्या चुका दाखविल्या, त्यांच्याकडे. वकिलीला बारकाईनें वाचणें, मुद्देसूद लिहिणें आणि विरोधी मत शांतपणें ऐकणें लागतें. हें वर्गांत पाहिलेला साधा अधिव्याख्याता सांगूं शकेल; लग्नकार्यांत भेटणारे न्यायाधीश सांगूं शकणार नाहींत.

डॉ. आंबेडकर १९१६ सालीं कोलंबिया विद्यापीठांतून लंडनला गेले आणि त्यांनीं ग्रेज इनमध्यें कायद्यासाठीं व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें अर्थशास्त्रासाठीं नांव नोंदविलें. त्या वेळीं प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनीं लंडनच्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयीं पत्र लिहिलें. सेलिग्मन मोठे अर्थशास्त्रज्ञ खरेच. पण त्याहून महत्त्वाचें हें कीं, त्यांनीं ह्या विद्यार्थ्याला स्वतः शिकविलें होतें.

मागण्याचीही रीत आहे. मुदतीपूर्वीं निदान सहा आठवडे शिक्षकांना भेटावें. "माझ्याविषयीं आपल्याला चांगलें लिहितां येईल काय?" असें विचारावें, म्हणजे त्यांना नकाराचीही वाट राहते. सोबत गुणपत्रक, त्यांनीं तपासलेला एखादा निबंध व मुदतीची तारीख द्यावी. मसुदा मात्र देऊं नये. शिक्षकच "तूंच लिहून आण" म्हणाले, तर नम्रपणें टिपणें द्यावींत. शब्द त्यांचेच असूं द्यावेत. दुसऱ्याच्या नांवें आपली स्तुति लिहिणें हा खोटा पुरावा होय, आणि वकिलीच्या वाटेवरचें पहिलें पाऊल तेंच नसावें.

हें बोलतांना मलाही संकोच वाटतो. मीं शाळेंत शेंकडों दाखल्यांवर "वर्तणूक चांगली" एवढेंच लिहिलें. मुलें वेगवेगळीं होतीं. दाखला एकच होता.

तो विद्यार्थी मसुदा घेऊन परत गेला. त्याच्या निबंधावर तांबड्या शाईनें रेघोट्या ओढणाऱ्या प्राध्यापिकाबाईंना तो भेटला. त्यांनीं महिनाभर घेऊन पत्र पाठविलें. त्यांत काय आहे हें त्याला ठाऊक नाहीं, आणि मलाही नाहीं. परंतु तें त्याच्याविषयींच आहे, एवढें नक्की.