परत येण्याचा पुरावा

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दीड महिना जाऊन यावें, ही इच्छा आज महाराष्ट्रांतील किती तरी घरांत असते. पासपोर्ट निघतो, तिकिटाच्या पैशांची तजवीज होते, जांवयाचें आमंत्रण येतें. आणि शेवटीं वकिलातीच्या खिडकीपाशीं असा एक प्रश्न उभा राहतो कीं, ज्याचें उत्तर देण्याचा प्रसंग आयुष्यांत पूर्वीं कधीं आलेला नसतो. तुम्ही परत जाल कशावरून? पुष्कळ जण या प्रश्नानें गोंधळतात. कांहीं जण मनांतून रागावतात. ज्या घरीं सारा जन्म गेला त्या घरीं आपण परत जाणार, हें कोणास पटवून द्यावें लागेल असें त्यांच्या स्वप्नींहि नसतें. या प्रश्नाचा उगम कोठें आहे आणि त्याचें उत्तर कागदावर कसें उतरतें, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रश्न अधिकाऱ्याच्या लहरींतून निघालेला नसतो. अमेरिकेच्या १९५२ सालच्या आगमनविषयक कायद्यांतील २१४ (ब) हें कलम असें गृहीत धरून चालतें कीं, सहलीचा व्हिसा मागणारा मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे. तसें नाहीं, हें अधिकाऱ्यास पटवून देण्याचा भार अर्जदारावर. फौजदारी न्यायांत आरोपीस निर्दोष मानून आरंभ करतात. येथें आरंभच उलट्या बाजूनें. युरोपांतील शेंगेन गटाचे २९ देश २००९ सालच्या व्हिसा-संहितेप्रमाणें चालतात. मुदत संपण्यापूर्वीं पाहुणा निघून जाईल किंवा नाहीं, याविषयीं वाजवी शंका आली तरी त्या संहितेनुसार नकार देतां येतो. ब्रिटनचे नियमहि पाहुणा खरोखर पाहुणाच आहे ना, हें पारखून घेण्यास सांगतात.

आपल्या जुन्या व्यवहारांत ज्याच्या शब्दाचा भरंवसा वाटत नसे त्याच्याकडून जामीन घेत. २०२५ सालीं अमेरिकेनें निवडक देशांच्या प्रवाशांकडून पांच, दहा किंवा पंधरा हजार डॉलर अनामत घेण्याचा प्रयोग सुरू केला, तो याच जातीचा. ज्यांच्याकडे अशी अनामत मागितली जात नाहीं, त्यांचें घर, त्यांची माणसें आणि त्यांचा धंदा हाच त्यांचा जामीन. अडचण एवढीच कीं, हा जामीन खिशांत घालून नेतां येत नाहीं. त्याचे फक्त कागद नेतां येतात.

शहरांतील नोकरदाराचें काम सोपें असतें. पगाराचीं पत्रकें, मालकाचें रजा मंजूर केल्याचें पत्र, प्राप्तिकराचे भरणे, एवढ्यांत त्याची गोष्ट पुरी होते. परंतु आपल्यापैकीं अनेकांचे आईवडील गांवीं असतात, आणि अर्ज त्यांचा भरावयाचा असतो. म्हणून उदाहरणादाखल एक गांवच घेऊं.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत, तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर प्रकाशा नांवाचें गांव आहे. केदारेश्वराचें देवालय तेथलें प्रसिद्ध. गांवास दक्षिण काशी म्हणतात. काशीयात्रा करून आलेल्या मनुष्यानें प्रकाशास येऊन उत्तरपूजा केल्यावांचून त्याची यात्रा पुरी होत नाहीं, अशी त्या बाजूच्या लोकांची श्रद्धा आहे. १९५४-५५ सालीं येथील टेकाडाचें उत्खनन झालें, तेव्हां ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक सांपडले. एवढ्या पुरातन वस्तीच्या रहिवाशानें आपलें येथें घर आहे हें सिद्ध करीत बसावें, ही गंमतच म्हणावयाची! पण वकिलातीस टेकाडाचे थर नकोत. तिला चालू सालचे कागद हवेत.

या गांवचें एक दांपत्य कल्पूं या. दोघेंहि साठीच्या घरांत. सहा एकर जमीन, तींत ऊस, पपई, थोडा कापूस. थोरला मुलगा शेतीवर, आणि मुलगी न्यू जर्सींत. तिच्या बाळंतपणास जावयाचें आहे. यांचें प्रकाशाशीं असलेलें नातें कोणीहि शेजारी एका वाक्यांत सांगेल. कागदावर तें कोठें दिसतें?

पहिला कागद म्हणजे सातबारा. हा शब्द आपण एकच समजून वापरतों, पण ते गांवच्या दप्तरांतले दोन नमुने आहेत. नमुना सात सांगतो कीं जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो कीं तींत कोणतें पीक उभें आहे. पुष्कळ अर्जदार साताकडे बोट दाखवितात: पाहा, आमची इतकी हेक्टर जमीन आहे. माझ्या मतें येथें बाराचें महत्त्व अधिक आहे. जमीन दूर बसूनहि बाळगतां येते, खंडानें देतां येते, विकतांहि येते. हें अधिकारी जाणून असतो. परंतु जो मनुष्य दर सालीं ऊस लावतो, पपईच्या बागेस पाणी देतो, त्यास जमिनीपासून फार दिवस दूर राहणें परवडत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून, शेतांत उभें राहून, छायाचित्रासह पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणीची पद्धति सुरू झाली. ही नोंद वेळच्या वेळीं केलेली असेल तर तिच्यासारखा दुसरा पुरावा नाहीं, कारण ती व्हिसासाठीं म्हणून केलेली नसते. त्याच्या जोडीस आठ-अचा उतारा घ्यावा. एका खातेदाराची गांवांतील सारी जमीन त्यांत एकत्र दिसते. हे उतारे मराठींत असतात, म्हणून त्यांचें इंग्रजी भाषांतर सोबत लावावें, आणि हेक्टर-आर म्हणजे किती एकर, तेंहि लिहावें.

प्रवासाच्या तारखाहि बोलतात. कापसाची पेरणी मृगाच्या पावसाच्या सुमारास. साहजिकच एप्रिलच्या आरंभीं जाऊन मेअखेरीस परत येणारा शेतकरी आपल्या धंद्याचें वेळापत्रक न सांगतां सांगून जातो. जून ते नोव्हेंबर अशी सहा महिन्यांची सहल मागणाऱ्यानें मात्र, मग शेती कोण पाहणार, याचें उत्तर तयार ठेवावें. बाळंतपण तर पेरणी पाहून येत नाहीं! अशा वेळीं थोरला मुलगा घरीं आहे व त्या काळांत शेती तोच पाहील, हें साध्या पत्रांत लिहून द्यावें.

आतां पैशाचें पाहूं. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाहीं, त्यामुळें अनेक शेतकऱ्यांनीं प्राप्तिकराचें विवरणपत्र कधींच भरलेलें नसतें. तें नाहीं म्हणून उत्पन्न नाहीं, असें परक्या अधिकाऱ्यास वाटण्याचा संभव आहे. यासाठीं तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, साखर कारखान्याचीं ऊसबिलें, बाजार समितींतील विक्रीच्या पावत्या जोडाव्या लागतात. शेतकऱ्याच्या बँकखात्यांत दरमहा सारखी रक्कम येत नाहीं. चार महिने शुकशुकाट आणि एके दिवशीं मोठा भरणा. अर्जाच्या तोंडावर झालेला मोठा भरणा ही तर अधिकाऱ्याच्या दृष्टीनें संशयाची जागा, कारण उसनवारीनें खातें फुगविण्याची युक्ति त्यास ठाऊक असते. ऊसबिलाची तारीख व भरण्याची तारीख जुळली कीं संशयाचें निरसन होतें. जीं रक्कम भावाकडून चार दिवसांपुरती आणलेली असते, तिला अशी जोडतारीख नसते.

एक बाब लहान दिसते, पण ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अस्तित्वांत आला. तत्पूर्वीं हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यांत होता, आणि त्याहि आधीं पश्चिम खानदेशांत. तेव्हां आपल्या दांपत्याच्या जन्माच्या व शाळेच्या कागदांवर एक जिल्हा आणि आजच्या सातबाऱ्यावर दुसरा, असें होणारच. नांवांचेंहि तसेंच, सातबाऱ्यावर मराठी नांव, पासपोर्टावर इंग्रजी, आणि बँकेत तिसरेंच स्पेलिंग. प्रकाशाच्या मनुष्यास यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. परक्यास मात्र दोन गांवें आणि तीन माणसें दिसूं लागतात. दोन ओळींचा खुलासा जोडला कीं काम भागतें.

याहून अवघड स्थिति घरच्या बाईंची. जमीन पतीच्या नांवें, खातें पतीचें, घरहि त्याचेंच. चाळीस वर्षें निंदणी-खुरपणी करून जिनें तें शेत राखलें, तिचें नांव त्या शेताच्या कोणत्याहि कागदावर नसतें. महाराष्ट्र सरकारच्या १९९२ सालच्या लक्ष्मीमुक्ति योजनेनें पतीस आपल्या हयातींत पत्नीचें नांव सातबाऱ्यावर लावण्याची सोय करून दिली. तिचा लाभ ज्यांनीं घेतला त्यांच्या घरीं ही उणीव नाहीं. इतरत्र विवाहाचा दाखला व रेशनकार्ड यांच्या आधारें पतीचे कागद पत्नीसाठींहि लावावे लागतात. दोघें मिळून जात असतील तर हें निभतें. ती एकटीच जात असेल, तर घरीं राहणारा पति हाच तिचा मोठा पुरावा, आणि त्याचें पत्र आवश्यक.

शेंगेनच्या संहितेच्या परिशिष्टांत पुराव्यांची यादी आहे. तींत परतीचें तिकीट, स्वदेशांतील उत्पन्नाचीं साधनें, नोकरी, स्थावर मिळकत, आणि कौटुंबिक व व्यावसायिक संबंध यांचा उल्लेख येतो. अमेरिकेच्या बाबतींत अशी ठरीव यादी नाहीं. तेथें भरलेला अर्ज आणि खिडकीवरचीं दोन-चार मिनिटें, यांवरच बहुधा निकाल लागतो. जाड फाईल पुष्कळदा उघडलीहि जात नाहीं. म्हणून कागदांत जें आहे तें तोंडीं थोडक्यांत सांगतां आलें पाहिजे. मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत मराठींतून बोलतां येतें. मोडक्या इंग्रजीपेक्षां तें शतपटीनें बरें. “सहा एकर शेती आहे, ऊस कारखान्यास जातो, मुलगा घरीं आहे, मेअखेर पेरणीस परत येणार,” एवढें वाक्य जावयाच्या पगाराच्या वर्णनापेक्षां अधिक काम करतें. जावयाचा पगार खर्चाची हमी देतो. परत येण्याची देत नाहीं.

मुलगी तिकडे आहे हें लपवावें, असा सल्ला देणारे दलाल भेटतात. त्यांचें ऐकूं नये. परदेशीं लेक असणें हा संशयास थोडा आधार होतो, हें खरें. परंतु खोटें सांगून मिळविलेल्या किंवा मागितलेल्या व्हिसाबद्दल अमेरिकेचा कायदा जन्मभराची प्रवेशबंदी घालूं शकतो, आणि ब्रिटनचे नियम दहा वर्षांपर्यंतची. मग एका बाळंतपणापुरता नव्हे, नातवाच्या लग्नापर्यंतचा रस्ता बंद.

इतकें सारें करूनहि नकार येतो. विशेषतः गांवांतील अविवाहित तरुणास, ज्याच्या नांवें जमीन नाहीं व नोकरी नुकतीच लागलेली आहे, त्यास हा अनुभव वारंवार येतो. बापाचा सातबारा त्याच्या कामीं फारसा येत नाहीं. मनुष्याच्या मनांतील पुढचा बेत कागदावरून ओळखावयाचा, ही रीतिच अशी आहे कीं तींत कांहीं प्रामाणिक माणसें भरडलीं जाणार. नियम करणाऱ्यांनीं ही किंमत दुसऱ्यानें भरावी असें ठरविलेलें आहे, हें स्पष्ट बोललें पाहिजे. शेंगेन देशांस नकाराचें कारण लेखी द्यावें लागतें व त्यावर अपील करतां येतें. अमेरिकेच्या २१४ (ब) खालील नकारावर अपील नाहीं. पुन्हां अर्ज करतां येतो, फी पुन्हां भरून. परिस्थितींत कांहीं फरक पडला नसतां पंधरा दिवसांत तोच अर्ज पुन्हां करणें म्हणजे पैसे तापींत सोडणें.

पहिला व्हिसा मिळाला म्हणजे पुढील वाट सुलभ होते, कारण पूर्वीं जाऊन मुदतींत परत आलेला मनुष्य हाच सर्वांत सबळ पुरावा. युरोपीय संघानें एप्रिल २०२४ मध्यें भारतीयांसाठीं याच तत्त्वावर सवलत दिली: तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानें वापरले असतील, तर एरवीं दोन वर्षांचा, पुष्कळ खेपांचा व्हिसा मिळतो, आणि त्यानंतर पांच वर्षांचा. परतण्याची नोंदहि आतां केवळ शिक्क्यावर अवलंबून नाहीं; युरोपांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याजाण्याची नोंद यंत्रांत ठेवण्यास आरंभ झाला. अमेरिकेंत विमानतळावर बहुधा सहा महिने राहण्याची मुभा मिळते. अर्जांत सहा आठवडे लिहून, नातवाच्या लोभानें सहाहि महिने तेथें काढलेल्या आजी-आजोबांनीं कायदा मोडलेला नसतो. पण पुढच्या खेपेस खिडकीवरचा अधिकारी तो आंकडा पाहतो, आणि पेरणीचें काय झालें, असें विचारतो.