बावन्न पायऱ्या आणि गरम पाण्याचं कुंड

ध्येय ठरवणं आणि वेळेवर थांबणं, या दोन्ही गोष्टी मुलं वज्रेश्वरीच्या एका सहलीत शिकू शकतात. देवळाला बावन्न पायऱ्या आहेत, जवळच अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत.

आदल्या रात्री मुलालाच विचारावं, ‘उद्या काय करायचं?’ ‘मज्जा’ हे ध्येय नव्हे. ध्येय म्हणजे पुरं झालं की नाही हे ज्याचं त्याला कळेल असं काम. मराठा सेनानी चिमाजी अप्पांचा नवस मुलांना सांगण्याजोगा आहे: वसई जिंकली तर वज्रेश्वरी देवीचं देऊळ बांधीन. 1739मध्ये वसई हाती आली आणि नवस फेडायची वेळ झाली. त्यात संदिग्ध काही नाही.

मग थांबायची खूण ठरवावी, आणि तीही घरीच. कुंडावर पोचल्यावर ठरवू म्हटलं, तर ‘अजून थोडा वेळ’ सुरू होतं आणि वाद पाण्यात होतो.

पायऱ्यांवर थांबायची सवय लावणं सोपं असतं. एका पायरीवर कोरलेलं कासव आहे. तिथवर चढायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुढे जायचं की नाही ते मुलानं सांगायचं.

खरी परीक्षा कुंडात. सगळ्या कुंडांचं पाणी सारखं गरम नसतं, म्हणून आधी आपला हात घालून पाहावा. हाताला चटका बसला तर मुलाला उतरवूच नये. सोसवत असेल तर आधी फक्त पाय, मग कमरेपर्यंत. गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, म्हणूनच एकदम उठलं की गरगरतं. पाण्याखाली घाम येऊनही अंग थंड होत नाही, आणि मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. चेहरा लालबुंद होणं, छातीत धडधड, मळमळ, डोकं जड वाटणं, बडबड्या मुलानं गप्प होणं: यातलं एकही दिसलं की सावकाश बाहेर. मोबाइलवर तीन-चार मिनिटांचा गजर लावावा, पण खूण आधी दिसली तर गजराची वाट पाहू नये.

घोळ बहुधा आपणच घालतो. मूल ‘बास’ म्हणतं आणि काठावरून कोणीतरी काका म्हणतात, ‘एवढ्यात? तो बघ, अजून बसलाय.’ पुढच्या वेळी मूल गरगरलं तरी सांगत नाही. माझ्या मते या सहलीत मुलाचं इतकं नुकसान दुसरं काहीच करत नाही. ‘बास’ ऐकलं की टॉवेल पुढे करावा, भाषण नको.

ध्येय अर्धं राहिलं तर बाहेर आल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर विचारावं, ‘कशावरून कळलं थांबायचं?’ उत्तर ‘पाय दुखले’ एवढं असलं तरी चालेल. ‘कंटाळा आला’ हेही उत्तरच. मात्र दर वेळी तेच येऊ लागलं, तर ध्येय मोठं ठरलं होतं. पुढच्या वेळी लहान करावं.

अगदी तान्ह्या किंवा ताप, जुलाब असलेल्या मुलाला कुंडात उतरवू नये. उपाशीपोटी किंवा जेवणावर लगेचही नको.