‘अनबिकमिंग’ म्हणजे नेमके काय?

कचेरीतून ज्ञापन येते. त्यात एक ओळ असते, आपले वर्तन शासकीय कर्मचाऱ्यास अशोभनीय आहे. घरात चूल पेटत नाही. बीड जिल्ह्यात ज्या घराची ऊसतोड एका शिपायाच्या पगारामुळे सुटली, त्या घराला हा शब्द पुन्हा कोयत्याकडे नेऊ शकतो. तो नीट समजून घेतलेला बरा.

मूळ इंग्रजी शब्द ‘अनबिकमिंग’. ‘बिकम’ म्हणजे होणे, हे मुले शाळेत शिकतात. पण त्याचा दुसरा अर्थ आहे शोभणे. साडी एखादीला खुलून दिसली तर ती ‘बिकमिंग’. मागे ‘अन’ लागला की न शोभणारे. आई म्हणते ना, “हे तुला शोभतं का रं?” तोच अर्थ. फरक इतकाच, आई कशाबद्दल बोलते ते आपल्याला ठाऊक असते.

काय शोभते हे ठरवतो कोण, हाही प्रश्न आहेच. गावगाड्यात लुगडे कुठवर नेसावे हेसुद्धा जात ठरवीत असे. ‘पायरीने राहा’ म्हणणाऱ्यांना आपले बरेच काही शोभत नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना पायघोळ लुगडे नेसायला सांगितले, ते यासाठीच.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील तिसऱ्या नियमात हा शब्द आहे. जिल्हा परिषद, एस.टी. यांचे नियम वेगळे. ते आपापल्या खात्यात पाहावेत. केंद्राच्या एका महामंडळातील ए. एल. कालरा यांच्यावर असाच ठपका ठेवून त्यांना काढले होते. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ‘अशोभनीय’ ही मोघम अपेक्षा आहे, गैरवर्तनांच्या यादीत कृत्य नसेल तर तेवढ्यावर शिक्षा नाही, असे म्हटले. दर वेळी अशीच सुटका होईल, असे मात्र समजू नये. दारू पिऊन कामावर गेलेल्याला कोणता निकाल वाचवणार?

पण शिस्त व अपील नियम, १९७९ प्रमाणे मोठी शिक्षा द्यायची तर दोषारोप स्पष्ट व वेगवेगळे मांडावे लागतात. तेव्हा नुसता शब्द आला असेल तर घाबरून माफीनामा लिहून देऊ नका. कोणत्या तारखेला, कुठे, कोणाशी, काय केले, हे लेखी विचारा. साक्षीदारांची व कागदपत्रांची यादी मागा. उत्तर मुदतीत द्या आणि आवक शिक्क्याची पोच जपून ठेवा.