चार टिंबं, तीन रेषा आणि किडनीची अदलाबदल

‘मॅचिंग’ म्हटलं की आपल्याला ब्लाउजपीसचं दुकान आठवतं. पण गणितातही मॅचिंग असतं, म्हणजे जोड्या लावणं. त्यावर कुणाचा जीव वाचू शकतो, ते आज पाहू.

समजा, एका ताईच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. ताई किडनी द्यायला तयार आहे, पण त्याचा रक्तगट ‘ए’ आणि तिचा ‘बी’. दुसऱ्या घरात नेमकं उलट: नवरा ‘बी’, बायको ‘ए’. बाकीच्या तपासण्या जुळल्या, तर पहिलीची किडनी दुसरीच्या नवऱ्याला आणि दुसरीची पहिलीच्या नवऱ्याला देता येते. याला स्वॅप प्रत्यारोपण म्हणतात. २०११ च्या दुरुस्तीनं आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात त्याला जागा मिळाली.

आता कागद घ्या. एका ओळीत चार टिंबं काढा आणि त्यांना १ ते ४ नंबर द्या. एक टिंब म्हणजे एक जोडपं. ज्यांची अदलाबदल जमते त्यांच्यात रेष ओढा: १–२, २–३ आणि ३–४. एक जोडपं एकाच अदलाबदलीत येऊ शकतं. घाईनं आधी २–३ ची जोडी लावली, तर १ आणि ४ नंबरच्या घरी डायलिसिस सुरूच राहतं. त्याऐवजी १–२ आणि ३–४ लावली, तर चारही घरं सुटतात. माणसं तीच, रेषाही त्याच. फरक फक्त जोड्या कशा लावल्या याचा.

टिंबं आणि रेषांच्या या गणिताला ग्राफ थिअरी म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ क्लोद बर्ज यांनी १९५७ मध्ये एक खूण सांगितली. एकट्या राहिलेल्या टिंबापासून निघायचं. आधी बिनजोडीची रेष, मग जोडीची, पुन्हा बिनजोडीची, असं आळीपाळीनं चालायचं. दुसऱ्या एकट्या टिंबाला पोचलात, तर वाटेवरच्या जोड्या मोडून नव्या लावा, एक जोडी वाढते. अशी वाटच नसेल, तर याहून जास्त जोड्या होणार नाहीत. मोठ्या यादीतही ही वाट भराभर शोधायची रीत जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये दिली.

दोन घरांचा प्रश्न असा सुटला. पण तीन घरांत गोल फेरी केली, तर आणखी रुग्णांची सोय होऊ शकते. पहिल्या घरची किडनी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची पहिल्याला. इथे मात्र गणित अडतं. संगणक शेकडो जोडप्यांच्या याद्या सोडवतात, पण कुठल्याही यादीला हमखास लवकर उत्तर देईल अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. यावर आजही संशोधन चालू आहे. शिवाय कुणी ऐनवेळी माघार घेऊ नये म्हणून ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी करतात. दोन घरांची चार, तीन घरांची सहा.

आपण यातून काय घ्यायचं? टिंबं वाढली की रेषा वाढतात. प्रत्येक रुग्णालयानं आपापली यादी वेगळी ठेवली, तर जुळणारी घरं एकमेकांना दिसतच नाहीत. म्हणून ‘रक्तगट जुळत नाही’ एवढं ऐकून घरी परतू नका. प्रत्यारोपण समन्वयकांना विचारा, “आमचं नाव स्वॅपच्या यादीत घालता येईल का? ती यादी किती रुग्णालयांची मिळून आहे?”

आणि एक लक्षात ठेवा. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. द्यायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क देणारीचाच. तिची संमती हवीच, आणि यात पैशांचा व्यवहार हा गुन्हा आहे.