गावाचा जमीन-वापर नकाशा : शेतकऱ्याने का करावा व कसा करावा

जमिनीचा प्रत्येक तुकडा आज कोणत्या कामी येत आहे, हे जागेवर जाऊन पाहणे व नकाशावर उतरविणे, यास जमीन-वापराची पाहणी म्हणतात. भूगोलाच्या पदवी अभ्यासक्रमात नगररचनेचा पाया म्हणून ही पाहणी शिकविली जाते. हा विषय शहरातील लोकांचा आहे, असे पुष्कळ शेतकऱ्यांस वाटते. तो समज बरोबर नाही; कारण शहर वाढते ते लगतच्या शेतजमिनीवरच.

ब्रिटनमध्ये १९३० नंतरच्या दशकात भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांनी शिक्षक व विद्यार्थी यांच्या साह्याने शेतन् शेत पाहून असे नकाशे तयार करविले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अन्नोत्पादन वाढविताना ते उपयोगी पडले. आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखडा करण्यापूर्वी विद्यमान जमीन-वापराचा नकाशा करावाच लागतो. आराखड्याची सारी मांडणी या नकाशावर उभी असते. जी वाडी त्यात ‘मोकळी जागा’ म्हणून दाखविली जाईल, तिच्यावर उद्या रस्ता किंवा इमारती आखल्या जाण्याचा संभव असतो.

वसई तालुक्यातील गिरीज गावाचे उदाहरण घेऊ. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर व पश्चिमेस समुद्र, यांमधील सखल पट्टीत केळी, पानवेली, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या आहेत. या भागाच्या नियोजनाचे काम १९९० साली सिडकोकडे सोपविण्यात आले आणि ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. तेव्हा येथील वाडीवाल्यास नगररचना टाळता येण्यासारखी नाही. ती समजून घेणेच हिताचे आहे.

या पट्टीतील बावखल विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. पावसाचे पाणी बावखलात साठते, हळूहळू जमिनीत मुरते व विहिरींस गोडे पाणी पुरविते. बावखल बुजविले आणि उपसा तसाच चालू राहिला, तर समुद्राकडील खारे पाणी आत सरकते व विहीर मचूळ होते. सातबाऱ्यावरील गाव नमुना सात मालकी व हक्क सांगतो, नमुना बारा पिके सांगतो. पाणी कोठून येते व कोठे मुरते, हे त्यावरून कळत नाही. म्हणून बावखलाची नोंद नकाशावरच हवी.

ग्रामसेवक व शेतकरी यांनी मिळून पुढीलप्रमाणे काम करावे :

१. भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी. गावातील भूगोलाचे विद्यार्थी मदतीस घ्यावेत.

२. प्रत्येक सर्व्हे नंबरात प्रत्यक्ष जाऊन वाडी हिरव्या, भातखाचर पिवळ्या, पाणी निळ्या व घरे तांबड्या रंगाने दाखवावीत.

३. पाहणी पावसाळ्यात व उन्हाळ्यात अशी दोनदा करावी. भाताचे खाचर मे महिन्यात पाहिल्यास पडीक जमीन वाटते.

४. बावखले, विहिरी व नाले दाखवून पाणी वाहण्याची दिशा बाणाने नोंदवावी.

५. आपल्या पिकांची नोंद ई-पीक पाहणीत दर हंगामी करावी. २०२१ पासून शेतकऱ्यास ती स्वतः मोबाइलवरून करता येते.

६. तयार नकाशा गावकऱ्यांच्या सभेत वाचून दाखवावा व दुरुस्त करून एक प्रत गावात जपून ठेवावी.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध होताच तो या प्रतीशी ताडून पाहावा. चूक आढळल्यास सर्व्हे नंबर लिहून ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. मुदत टळल्यावर केलेली तक्रार बहुधा निरुपयोगी ठरते.

बुजविलेले बावखल पुन्हा खणणे कठीण, खारी झालेली विहीर गोडी करणे त्याहून कठीण. त्या मानाने, वेळीच केलेल्या नकाशास चार दिवसांची पायपीट तेवढी लागते.