अमेरिकेच्या दारातली रांग : व्यापाऱ्याने काय बोलावे, काय जवळ ठेवावे

परदेशी ग्राहकाशी भाव ठरवण्यासाठी आपण महिनाभर आधी हिशेब मांडतो. नमुने धुऊन, मोजून, तोलून नेतो. पण त्या ग्राहकापर्यंत पोचण्याआधी विमानतळाच्या काउंटरवर जी चार मिनिटे उभे राहायचे असते, त्यांची तयारी आपल्यापैकी फार थोडे करतात. मीही केली नव्हती. त्याची किंमत मी २०१४ साली मोजली. ती तुम्हाला मोजावी लागू नये म्हणून हा लेखप्रपंच.

मी सोलापूरचा. टॉवेलचा व्यवसाय वालिद साहेबांपासून चालत आलेला. शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी बाजारपेठेने शिकवली आणि इंग्रजी बिलापुरती व चलनापुरती आली. न्यूयॉर्कच्या जेविट्स सेंटरमध्ये जुलै महिन्यात घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. ते पाहावे आणि पुढे दुसऱ्या शहरात जाऊन एका ग्राहकाला भेटावे, असा बेत होता. मुंबईत मुलाखत झाली, दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. दोस्तांनी मिठाई मागितली, मीही खुशीने दिली. मोहीम फत्ते झाली असे सगळ्यांनाच वाटले.

येथेच पहिली चूक होते. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचे की नाही आणि किती दिवसांसाठी घ्यायचे, हे रांगेच्या टोकाला बसलेला अधिकारी ठरवतो. २००३ पासून हे काम तेथील सीमाशुल्क व सीमासंरक्षण खात्याकडे आहे. त्याआधी इमिग्रेशनचे वेगळे खाते होते.

एका शब्दाची किंमत

विमानातून उतरल्यावर लोक दोन बाजूंना वाटले जातात. अमेरिकन नागरिक एकीकडे, पाहुणे दुसरीकडे. पाहुण्यांची रांग पट्ट्यांमधून नागमोडी फिरत जाते. तेथे मोबाईल वापरू देत नाहीत. सोळा तासांच्या प्रवासाने पाय सुजलेले, झोप नाही, आणि पुढचे विमान सुटायला अडीच तास. दीड तास रांगेतच गेला. माझी पाळी आली. दहाही बोटांचे ठसे दिले, फोटो झाला. अधिकाऱ्याने विचारले, कशासाठी आलात? मी उत्तर दिले, "आय हॅव कम फॉर वर्क."

आपल्याकडे कोणी विचारले, "कुठे निघालात?" तर आपण म्हणतो, "जरा कामाला." उर्दूतही तसेच, "काम से आया हूँ." आपल्या 'काम' या शब्दात उधारी वसूल करण्यापासून लग्नाची पत्रिका देण्यापर्यंत सगळे येते. परंतु त्या काउंटरवर 'वर्क' म्हणजे पगाराची नोकरी, आणि माझ्या पासपोर्टवर होता व्यापारभेटीचा व्हिसा. या व्हिसावर करारमदार करता येतात, प्रदर्शन पाहता येते, आपल्या कारखान्यात तयार होणाऱ्या मालाची ऑर्डर घेता येते. तेथे नोकरी किंवा मजुरी मात्र करता येत नाही. अधिकाऱ्याने पुन्हा विचारले, "वर्क?" मी अधिक जोरात म्हणालो, "येस सर, वर्क!"

त्याने पासपोर्ट एका फाईलमध्ये घातला आणि मला दुसऱ्या खोलीत नेले. तेथे पन्नासेक माणसे खुर्च्यांवर बसलेली. कोणी रागावले नाही, की कोणी अपमान केला नाही. पण पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात आणि आपण खुर्चीवर, ही अवस्था ज्याने भोगली त्यालाच ठाऊक. दोन तासांनी नाव पुकारले. मी दुभाषा मागितला. फोनवर उर्दू बोलणारे एक गृहस्थ आले. "तिजारत के सिलसिले में आया हूँ," एवढे म्हणालो, आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला. तोपर्यंत पुढचे विमान निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळची भेट हुकली. ग्राहकाला परगावी जायचे होते. त्या हंगामाची त्याची ऑर्डर दुसरीकडे गेली.

चूक माझीच होती. आणि ती आणखी महागात पडली असती. अमेरिकेत १९९७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार काउंटरवरचा अधिकारी काही परिस्थितीत प्रवाशाला न्यायाधीशासमोर न नेता परत पाठवू शकतो, आणि मग साधारणपणे पाच वर्षे तिकडचे दार बंद राहते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचे कापडवाले

ही गोष्ट आजची नाही. बंगालमधील हुगळीकडचे मुसलमान व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिकनचे भरतकाम केलेले कापड घेऊन अमेरिकेला जात. उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या समुद्रकिनारी फिरायला येणाऱ्यांना ते माल विकत. १८९७ साली त्यांच्यापैकी एक जथा न्यूयॉर्क बंदरात उतरला, तेव्हा त्यांना अडवण्यात आले. करार करून आणलेल्या परदेशी मजुरांना बंदी करणारा १८८५ चा कायदा त्यांना लावला गेला. ते मजूर नव्हते, फेरीवाले व्यापारी होते. तरीही त्यांना परत पाठवले गेले. विवेक बाल्ड यांनी २०१३ च्या 'बंगाली हार्लेम' या पुस्तकात या लोकांचा इतिहास मांडला आहे. मजूर की व्यापारी, हा प्रश्न तेव्हाही दारातच विचारला जात होता.

नावाचा प्रश्न

आता मनातली गोष्ट. आपल्या नावामुळे जास्त थांबवतात का? २००२ साली अमेरिकेने प्रामुख्याने मुस्लिम देशांतील पुरुषांसाठी खास नोंदणी सुरू केली होती. ती २०११ मध्ये थांबली आणि २०१६ च्या डिसेंबरात तिचे नियमही रद्द झाले. २०१७ च्या जानेवारीत काही मुस्लिम देशांवर प्रवेशबंदी आली. या दोन्ही यादींत भारत नव्हता. तरी २००९ च्या ऑगस्टमध्ये नेवार्क विमानतळावर शाहरुख खान यांना जादा चौकशीसाठी थांबवले गेले, हे सर्वांना आठवत असेल. तेव्हा शंका खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण जे आपल्या हातात आहे, ते तरी आपण करतो का?

आपल्या नावाचे स्पेलिंग पाहा. शाळेच्या दाखल्यावर उर्दूतून इंग्रजीत एका कारकुनाने लिहिले, रेशनकार्डावर दुसऱ्याने, पॅनकार्डावर तिसऱ्याने. कुठे मोहम्मद, कुठे मुहम्मद, कुठे नुसते मोहं. कुठे शेख, कुठे शैख. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात, किंवा तुमचे नाव भलत्याच माणसाशी जुळते. अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते. मग अमेरिकन व्हिसावर सगळे नाव आडनावात जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे छापून येते. म्हणून पासपोर्ट काढतानाच, किंवा नवा करून घेताना, नाव आणि आडनाव वेगवेगळे लिहा. तिकिटावर पासपोर्टप्रमाणेच नाव हवे, एका अक्षराचाही फरक नको. ज्यांना नामसाधर्म्यामुळे दर वेळी थांबावे लागते, त्यांच्यासाठी २००७ पासून तेथील गृहसुरक्षा खात्याची 'ट्रिप' नावाची तक्रार निवारण व्यवस्था आहे. अर्ज फुकट असतो. त्यातून मिळणारा क्रमांक पुढे तिकीट काढताना द्यावा.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

१) ग्राहकाचे निमंत्रणपत्र, प्रदर्शनाची नोंदणी, हॉटेलचा पत्ता आणि परतीचे तिकीट कागदावर छापून हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाईल तेथे काढता येत नाही.

२) पहिल्या आणि दुसऱ्या विमानात किमान चार तास ठेवा. साधारणपणे अमेरिकेतील पहिल्याच विमानतळावर सामान स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे लागते.

३) नमुन्याचे कापड विक्रीलायक दिसू देऊ नका. टॉवेलला ठळक भोक पाडा, फाडा किंवा न पुसणारा 'नमुना' शिक्का मारा. नाहीतर त्यावर शुल्क लागू शकते.

४) दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम नेण्यास बंदी नाही, पण ती जाहीर केलीच पाहिजे. घरची माणसे बरोबर असतील तर सर्वांची रक्कम एकत्र धरली जाते. खाण्याचे पदार्थही जाहीर करा. घरचे सुके मटण आणि आंबे घरीच राहू द्या.

५) अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची अमेरिकन तपासणी जानेवारी २०१४ पासून अबुधाबीतच होते. मग अमेरिकेत उतरल्यावर ही रांग लागत नाही.

६) आत गेल्यावर आय-९४ ही नोंद संगणकावर पाहा. अनेक ठिकाणी आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी या नोंदीतील तारखेपर्यंतच राहता येते.

७) विचारले तेवढेच सांगा, खरे सांगा. इंग्रजी अडले तर लाजू नका, दुभाषा मागा.

२०१८ साली मी पुन्हा गेलो. तोच प्रश्न आला. मी म्हणालो, "बिझनेस मीटिंग्ज. नऊ दिवस. अमुक तारखेला परत." निमंत्रणपत्र समोर ठेवले. अधिकाऱ्याने विचारले, काय विकता? म्हणालो, टॉवेल. तो हसला आणि पासपोर्ट परत दिला. सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील.

आता आमच्या पेढीवरून किंवा ओळखीतून कोणी तरुण तिकडे निघाला, की आदल्या संध्याकाळी मी त्याला समोर उभा करतो आणि स्वतः गादीवर बसून विचारतो, "कशासाठी आलात?" गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने पहिल्या दमात उत्तर दिले, "वर्क!" त्याला मी अकरा वेळा विचारले, मगच जेवायला सोडले.