उन्हाची कट्यार आणि मेंढ्यांची दरी

नेवाडा, युटा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाचा पूर्व भाग. अमेरिकेच्या नैऋत्येचा हा सारा पट्टा उन्हाने भाजून निघालेला. इथल्या कातळांवर मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं चित्रं खोदली, आणि पायी भटकणाऱ्याला ती आजही भेटतात. मात्र नुसते डोळे उघडे ठेवून भागत नाही. कुठे, केव्हा आणि काय बघायचं हे ठाऊक असावं लागतं. पाठीवर पाणी बांधण्याआधी या दहा गोष्टी वाचाच.

१. रंगाचा थेंबही नाही
उघड्या कातळावर दुधावरच्या सायीसारखा एक काळपट थर धरतो. वाऱ्याने आणलेली चिकणमाती आणि मँगनीज व लोहाची ऑक्साइडं साचून तो हजारो वर्षांत तयार होतो, तरी त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागापुढे क्वचितच जाते. टणक दगडाने ठोकून तो उडवला की आतला फिकट खडक दिसतो. झालं खोदचित्र!

२. जुनं ते काळं
उघडा पडलेला खडक पुन्हा सावकाश काळवंडतो. एकाच कातळावर एक मेंढा उजळ आणि शेजारचा जवळपास काळा असेल, तर काळा बहुधा आधीचा. यातून साल कळत नाही, पण क्रम लागतो. एक आकृती दुसरीवर खोदलेली असेल तर हा क्रम आणखी पक्का होतो.

३. हातातलं हत्यार बघा
माणसाच्या हातात ॲटलॅटल, म्हणजे भाला दूर फेकायची दांडी असेल, तर चित्र बरंच जुनं असू शकतं. धनुष्यबाण या भागात साधारण दीड हजार वर्षांपूर्वी रुळला. घोडेस्वार दिसला की समजायचं, स्पॅनिश लोक आल्यानंतरचं काम. युटातल्या ‘न्यूजपेपर रॉक’वर असे घोडेस्वार जुन्या आकृत्यांच्या गर्दीतच आहेत.

४. तळ्याने दिलेली तारीख
नेवाडातलं विनेमका तळं आज कोरडं आहे. एके काळी ते भरलं की काठचे खडक पाण्याखाली जात आणि त्यांच्यावर चुन्याचा थर चढे. या थरांचं वय आणि पाण्याची चढउतार ताडून संशोधकांनी २०१३ साली तिथल्या खोदचित्रांचा काळ काढला: किमान १०,५००, कदाचित १४,८०० वर्षांपूर्वीचा. उत्तर अमेरिकेत काळ ठरलेल्या खोदचित्रांत ही सर्वांत जुनी.

५. मेंढ्यांची दरी, नौदलाचा पहारा
कॅलिफोर्नियातल्या कोसो डोंगररांगेत हजारो खोदचित्रं आहेत आणि त्यांत सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो मोठ्या वळणदार शिंगांचा रानमेंढा. ही जागा चायना लेक या नौदलाच्या शस्त्रचाचणी तळाच्या हद्दीत येते. म्हणून आधी परवानगी आणि सोबत वाटाड्या असल्याशिवाय प्रवेश नाही.

६. उन्हाची कट्यार
न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमध्ये फहादा ब्यूट हा एकटा उभा सुळका आहे. त्याच्या माथ्याजवळ तीन शिळा उभ्या आणि त्यांच्यामागे कातळात खोदलेलं एक सर्पिल. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, मध्यान्हाच्या सुमारास, शिळांच्या फटीतून उतरलेली प्रकाशाची कट्यार बरोबर सर्पिलाच्या मध्यातून जाई. चित्रकार ॲना सोफेअर यांनी हे १९७७ साली टिपलं. पुढे बघायला येणाऱ्यांच्या पायांनी तिथली माती झिजली. १९८९ मध्ये लक्षात आलं की शिळा सरकल्या आहेत आणि कट्यारीचा नेम चुकला आहे. आता वर जायला बंदी आहे.

७. मिठाच्या वाटेवरची हजेरी
ॲरिझोनात टुटुवेनी इथे ५,००० हून जास्त चिन्हं खोदलेली आहेत. ग्रँड कॅन्यनकडे मीठ आणायला पवित्र यात्रा करणारे होपी या मूळ रहिवासी समाजाचे पुरुष वाटेत इथे आपल्या कुळाचं चिन्ह खोदत. पुढच्या यात्रेत त्याच माणसाचं चिन्ह आधीच्या शेजारी येई. त्यामुळे एका ओळीत एका माणसाच्या साऱ्या फेऱ्या दिसतात. हे आपल्याला कळतं ते होपी लोकांनी सांगितलं म्हणून. वंशजांना विचारल्याशिवाय चित्राचा अर्थ ठरवू नये, ते याचसाठी.

८. डायनोसॉर? छे!
युटातल्या काचिना ब्रिज या नैसर्गिक दगडी कमानीखाली लांब मानेचा डायनोसॉर खोदल्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली. अभ्यासकांनी २०११ साली कातळ नीट तपासला. निघाल्या दोन वेगवेगळ्या आकृत्या आणि चिखलाचे डाग!

९. भर दुपारी शोधू नका
ऊन डोक्यावर असताना उथळ खोदकाम दिसेनासं होतं. सकाळी लवकर किंवा मावळतीला प्रकाश तिरपा पडतो आणि प्रत्येक रेघेला सावली मिळते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघताना हाच नियम कामी येतो. खडू फिरवणं, पाणी ओतणं, कागद ठेवून ठसा घेणं अजिबात नको. बोटांचा तेलकटपणासुद्धा कातळाला बाधतो.

१०. करवतीचे घाव
कॅलिफोर्नियात बिशप गावाजवळच्या ज्वालामुखीय पठारावरून २०१२ मध्ये चोरांनी करवतीने खोदचित्रांचे तुकडे कापून नेले. २०१३ मध्ये ते परत मिळाले, पण कापलेला कातळ पुन्हा अखंड होत नाही. संघराज्याच्या आणि आदिवासींच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या अशा ठेव्याला १९७९ च्या कायद्याचं संरक्षण आहे. तो मोडणाऱ्याला दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो.

आणि तुम्हाला एखादं सापडलं तर?
हात न लावता फोटो काढा: एक जवळचा, एक आजूबाजूच्या परिसरासह. कातळाचं तोंड कोणत्या दिशेला आहे, ऊन कधी पडतं, जवळ पाणी किंवा जुनी वाट आहे का, हे वहीत लिहा. नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, त्या जमिनीची देखरेख करणाऱ्या कार्यालयाला कळवा. ॲरिझोना, युटा आणि नेवाडात स्वयंसेवक नेमून दिलेल्या स्थळांवर नियमित नजर ठेवतात. तिथे राहणाऱ्या मराठी भटक्यांनी या कामात जरूर उतरावं. फहादाची कट्यार आणि टुटुवेनीच्या ओळी एकच गोष्ट शिकवतात: चित्राचा निम्मा अर्थ त्याच्या जागेत असतो. जागा राखली तरच चित्र राखलं.